आमच्या धुऱ्यावरचा ग्रीक देव

मी इंग्रजी घेऊन एम.ए. करावं हे माझ्या वडिलांनी ठरवलं, आणि वडिलांना इंग्रजीतला एकच शब्द येत होता, ‘सायेब’. तोही इंग्रजी नव्हता.

पारशिवनीकडे आमची थोडी शेती. एकदा तहसील कचेरीत एका वकिलाने इंग्रजीत दोन वाक्यं फेकली आणि तिथल्या बाबूने बाबांचा अडकून पडलेला सातबारा उभ्याउभ्या काढून दिला. त्या दिवसापासून बाबांचं मत झालं की घरात एक तरी माणूस इंग्रजी बोलणारा पाहिजे. दोघं भाऊ मॅट्रिकच्या उंबरठ्यावर मुक्काम ठोकून बसले होते. उरले मी. म्हणून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी एक पत्र्याची पेटी घेऊन नागपूरला, मुलींच्या वसतिगृहात आले.

एम.ए.च्या एका पेपरचं नाव चांगलं दीड ओळीचं होतं. आम्ही त्याला ‘तिनाचा पेपर’ म्हणत असू, कारण त्यात साहित्य, ग्रीक पुराणकथा आणि सामाजिक इतिहास या तीन गोष्टी एकाच पोत्यात कोंबल्या होत्या. या तिघांचं एकमेकांशी नातं काय, असं मी पहिल्याच आठवड्यात सरांना विचारलं.

“अभ्यासक्रमात आहेत,” सर म्हणाले.

तिनाचा पेपर शिकवणारे हे सर पन्नाशीच्या आतबाहेरचे. त्यांचं घराणं मराठ्यांच्या राज्यात नागपूरला येऊन महाल या जुन्या वस्तीत स्थिरावलेलं, त्यामुळे बोलणं अगदी शुद्ध. आमच्यातलं कोणी ‘मले’ म्हटलं की सरांच्या कपाळावर आठी उमटायची. एप्रिलच्या उन्हातही ते कोट घालून येत. त्यांच्याजवळ कापडी बांधणीची एक वही होती. ती त्यांनी स्वतः विद्यार्थी असताना लिहिलेली, म्हणजे त्यांच्या सरांनी त्यांना उतरवून दिलेली. त्या वहीतून ते आम्हांला उतरवून देत. स्वल्पविरामसुद्धा सांगत. “सामाजिक इतिहास म्हणजे समाजाचा इतिहास, पूर्णविराम,” असं सर म्हणत आणि आम्ही चाळीस जण माना खाली घालून पूर्णविराम देत असू.

ग्रीक देवांची नावं वहीत होती, पण शाई पुसट झाल्यामुळे दर वर्षी त्यांचं स्पेलिंग थोडं थोडं बदलत असे. वसतिगृहात आम्ही ती नावं पाठ करायच्या भानगडीतच पडलो नाही. वीज हातात धरणारा तो ‘मोठे मालक’, त्याची संतापी बायको ती ‘मालकीणबाई’, आग चोरणारा तो ‘शेगडीवाला’. माझ्या खोलीतली मैत्रीण पाठांतर करताना म्हणायची, “हे मोठे मालक काही धड नाहीत गं. आमच्या गावात असते तर लोकांनी वाळीत टाकले असते.” इतकं सखोल विवेचन मला पुढे कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

पुस्तक म्हणावं तर कॉलेजच्या ग्रंथालयात ग्रीक पुराणांवर एकच होतं. विलायतेत छापलेलं, जाडजूड, सोनेरी अक्षरांचं. ते काचेच्या कपाटात कुलपात असे. मी दोनदा मागितलं. ग्रंथपाल म्हणाले, “ते संदर्भासाठी आहे.”

“मला संदर्भच पाहायचा आहे.”

“हाताळलं तर खराब होईल. मग पुढच्यांनी संदर्भ कुठे पाहायचा?”

आम्ही बर्डीच्या बाजारातून गाईड आणली. गाईडवर लेखक म्हणून ‘एक अनुभवी प्राध्यापक’ असं छापलं होतं. आतला मजकूर स्वल्पविरामासकट सरांच्या वहीतला होता, हे कळायला फारशी अक्कल लागत नव्हती.

फेब्रुवारीत कॉलेजची पूर्वपरीक्षा झाली. सरांना पेपर काढायला वेळ मिळाला नसावा. त्यांनी दुसऱ्या कुठल्यातरी विद्यापीठाचा जुना पेपर जसाच्या तसा सायक्लोस्टाइल करून आणला होता. त्यामुळे तो आम्हांला जितका नवा होता तितकाच त्यांनाही. त्यातला एक प्रश्न सक्तीचा: ग्रीकांच्या शेतीजीवनाशी निगडित एखाद्या अपरिचित देवतेची कथा सांगा आणि तिचं सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्व स्पष्ट करा.

परिचित देवताच जिथे धड माहीत नव्हत्या तिथे अपरिचित कुठून आणायची? आजूबाजूला पाहिलं. सगळे पेन चावत होते. अर्धा तास मी तशीच बसले. मग मला आमच्या धुऱ्यावरचा दगड आठवला.

शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. आमच्या आणि काकांच्या शेतामधल्या धुऱ्यावर शेंदूर फासलेला एक दगड होता. निंदण करताना माय त्याची गोष्ट सांगायची. त्या दगडात देव राहतो. दोन भावांची वाटणी झाली की तो मधे बसतो. कोणी लोभापायी तो दगड एक वीतभरही सरकवला तर देव रागावत नाही, शाप देत नाही. फक्त त्या माणसाला स्वतःचं घर सापडेनासं होतं. तो रोज शेतातून परत येतो, आपल्याच दारावरून पुढे निघून जातो, आणि गावातल्या प्रत्येक दारात जाऊन विचारतो, “हे माझं घर आहे का?” बायको दारात उभी राहून हाका मारते, पण त्याला ऐकू येत नाही. दगड जागच्या जागी ठेवला की मगच घर दिसतं.

मी लिहायला घेतलं. तुरीचं बार्ली केलं, संत्र्याच्या झाडांचं ऑलिव्ह केलं, शेंदराच्या जागी द्राक्षाचा रस ओतला. देवाच्या आमच्याकडच्या नावाला शेवटी ‘योस’ जोडलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. एकदा छापलं गेलं की काय होतं ते मी पाहिलेलं आहे. सामाजिक इतिहासाला तर काहीच अडचण नव्हती. वाटण्या होत होत जमिनीचे तुकडे कसे झाले, भाऊ भावाशी का बोलेनासा झाला, बायका मात्र विहिरीवर लपून एकमेकींशी कशा बोलत राहिल्या, हे सगळं मी घरचंच लिहिलं आणि ‘प्राचीन ग्रीसमध्ये’ या शब्दांनी सुरुवात केली. दोन पुरवण्या लागल्या.

पेपर तपासून झाल्यावर सरांनी मला खोलीत बोलावलं. आता वडिलांना बोलावणं जाणार, असं मला वाटलं. सरांनी माझी उत्तरपत्रिका समोर ठेवली होती.

“ही कथा कुठे वाचलीत?”

माझ्या तोंडातून निघून गेलं, “ग्रंथालयात, सर. काचेच्या कपाटातल्या पुस्तकात.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. खिडकीबाहेर पाहिलं. “हां,” ते म्हणाले. “आहे त्यात. मला आठवतं. उत्तरार्धात कुठेतरी आहे.”

त्यांनी उत्तरपत्रिका माझ्याकडे सरकवली.

“पण तुम्ही मांडणी चांगली केलीत. असं करा, हे उत्तर मला सुवाच्य अक्षरात लिहून आणून द्या. समास सोडून.”

मी समास सोडून लिहून दिलं. त्या पेपरात वर्गात पहिली आले. त्या वेळी खरं सांगितलं असतं तर दहा मिनिटांची फजिती होऊन प्रकरण मिटलं असतं. पण बाबांनी गावात पेढे वाटले होते, आणि वाटलेले पेढे परत घेता येत नाहीत.

पुढच्या वर्षी माझं उत्तर सरांच्या कापडी वहीत गेलं. त्याच्या पुढच्या वर्षी ते गाईडमध्ये आलं, ‘परीक्षेच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे’ असा शिक्का लावून. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी एम.ए. होऊन दोन वर्षं एका शाळेत शिकवलं, आणि मग त्याच कॉलेजात अधिव्याख्याता म्हणून लागले. सर आता विभागप्रमुख झाले होते. त्यांनी मला तिनाचा पेपर दिला.

दुसऱ्या की तिसऱ्या तासाला पहिल्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. काटोलकडचा, शेतकऱ्याचा, अतिशय कष्टाळू. त्याच्या वहीला वर्तमानपत्राचं कव्हर असे आणि प्रत्येक मथळ्याखाली पट्टीने आखलेली लाल रेघ. त्याने विचारलं, “मॅडम, धुऱ्याचा देव केव्हा घेणार?”

माझ्या हातातला खडू मोडला. मी गाईड मागवून घेतली. माझंच उत्तर. माझी चूकसुद्धा तशीच, एका वाक्यातलं क्रियापद मी विसरले होते ते तिथेही नव्हतं.

मी ठरवलं, आता बस्स. वर्गाला सरळ सांगितलं, “हा देव ग्रीक नाही. असा कोणी देव ग्रीसमध्ये नव्हता. यावर काट मारून टाका.”

तो काटोलचा मुलगा म्हणाला, “पण मॅडम, गाईडात आहे.”

“गाईडमध्ये चुकीचं आहे.”

“मंग बाकीचं बी चुकीचं हाये का?” मागून कोणीतरी विचारलं.

खरं उत्तर ‘बहुतेक’ असं होतं. पण महिना अखेरीला माझं कायम होण्याचं पत्र यायचं होतं. मी म्हटलं, “बाकीचं बरोबर आहे.”

मुलं सरांकडे तक्रार घेऊन गेली. नव्या मॅडम अभ्यासक्रमातले देव कमी करतात. सरांनी मला बोलावलं.

“तो देव नव्हता असं कुठल्या ग्रंथात लिहिलं आहे?”

“नव्हता असं कोणी कशाला लिहील, सर?”

“मग तुम्हांला आधार नाही,” सर म्हणाले, आणि उठले. “चला, मूळ ग्रंथच पाहू. वाद नको.”

मला वाटतं, ते इतक्या आत्मविश्वासाने निघाले कारण तोपर्यंत त्यांना खरोखरच आठवायला लागलं होतं. कपाटाच्या किल्ल्या शोधण्यात ग्रंथपालांचा अर्धा दिवस गेला. शेवटी दार करकरत उघडलं. सरांनी ते सोनेरी अक्षरांचं पुस्तक टेबलावर ठेवलं, उत्तरार्ध उघडायला गेले, आणि थांबले.

जुन्या विलायती पुस्तकांची पानं कधीकधी कडेला जोडलेलीच येत. वाचणाऱ्याने सुरी घेऊन एकेक पान कापत पुढे जायचं. या पुस्तकाचं एकही पान कापलेलं नव्हतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं पुस्तक, छापखान्यातून आलं तसं, बंद होतं.

मी ते वाचलं म्हणून सांगितलं होतं. सरांना त्यातलं आठवत होतं. आम्ही दोघं त्या पुस्तकाकडे पाहत उभे राहिलो. ग्रंथपाल मात्र खुलले. “बघा सर,” ते म्हणाले, “म्हणून मी कोणाला देत नाही. कसं जपलंय!”

सरांनी पुस्तक मिटलं, खिशातला रुमाल काढून त्याच्यावरची धूळ पुसली आणि ते परत कपाटात ठेवलं. “मॅडम,” जिन्यावर ते हळूच म्हणाले, “विद्वानांमध्ये मतभेद असतातच.”

त्या दिवसापासून सर माझ्याशी जास्तच आदराने वागू लागले. पत्रही वेळेवर आलं. मी तो देव शिकवला नाही, आणि मुलांनी तो गाईडमधून पाठ केला. परीक्षेत त्याच्यावर टीप आली. तपासताना मी प्रत्येकाला पुरे गुण दिले. आमच्या धुऱ्याची गोष्ट कोणाची चुकली नव्हती, उलट काही मुलांनी आपापल्या गावची भरही घातली होती. एकाने तर देवाला कोंबडं कापून दिलं होतं.

काटोलचा मुलगा पहिल्या वर्गात एम.ए. झाला आणि एक दिवस पेढे घेऊन घरी आला. त्याला पीएच.डी. करायची होती, सर मार्गदर्शक होते. विषय ऐकून मी हातातला पेढा बाजूला ठेवला. ग्रीकांचा तो धुऱ्याचा देव आणि विदर्भातल्या धुऱ्यावरचे देव यांचा तुलनात्मक अभ्यास.

मी त्याला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. पूर्वपरीक्षा, दोन पुरवण्या, ‘योस’. तो फार लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, “मॅडम, तुमचा विनय आहे हा.”

“अरे विनय कसला? मी बनवलाय तो!”

“पण मॅडम, मी दोन्ही बाजूंचं टाचण काढून पाहिलं. आमच्या गावचा देव आणि तो ग्रीक देव, इतकं साम्य आहे की विचारू नका. हे आपोआप कसं होईल?”

मी कपाळाला हात लावला. त्याने विचारलं, “तुमच्या गावाकडे असा दगड आहे म्हणता. तुमच्या आईची मुलाखत घेता येईल का?” मी लगेच हो म्हटलं. मायच्या तोंडून ऐकलं की तरी याचे डोळे उघडतील, असा माझा हिशेब.

रविवारच्या एसटीने आम्ही गावी गेलो. त्याने कुणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणला होता. माय अंगणात सुपात तूर पाखडत बसली होती. त्याने यंत्र तिच्यासमोर ठेवलं, घसा साफ केला आणि आपल्या बोलीत सांगायला लागला.

“मावशी, ग्रीस म्हणून एक देश हाये. लय दूर, समुद्रापलीकडे. तिथं शेताच्या धुऱ्यावर एक देव राहे. जो धुरा सरकवे त्याले आपलंच घर सापडे नाई.”

मायचं सूप थांबलं. “हे तुले कोनं सांगतलं?”

“पुस्तकात हाये, मावशी.”

“पुस्तक लिवनाऱ्याले कोनं सांगतलं?”

हा प्रश्न त्याच्या प्रबंधाच्या आराखड्यात नव्हता. मायने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी साखरेच्या डब्यात हात घालताना पकडलं की पाहायची, तसं.

“आपलावाला देव तिकडे कसा गेला वं?”

“मीच नेला, माय,” मी म्हटलं. “परीक्षेत काही सुचत नव्हतं.”

माय आधी गंभीर झाली, मग तिला असं हसू फुटलं की सुपातली तूर सांडली. पदराने डोळे पुसत म्हणाली, “नेला तं नेला. तिकडे बी भाऊभाऊ भांडतच असतीन. कामी पडन त्याईच्या.” मग त्या मुलाला म्हणाली, “काहून गा, जेवून जाशील ना? वरण टाकून राहिली मी.”

यंत्र सुरूच होतं. परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसून वहीत काहीतरी भराभर लिहीत होता. मला वाटलं, बरं झालं, उमगलं एकदाचं.

चार वर्षांनी प्रबंधाची टंकलिखित प्रत माझ्या हातात पडली. चौथ्या प्रकरणात एक वाक्य होतं: ‘ही देवता प्राचीन काळी एका स्त्रीने येथून पश्चिमेकडे नेली, अशी पारशिवनी परिसरात मौखिक परंपरा आढळते.’ खाली तळटीप, तळटिपेत माय. परिशिष्टात सूप घेऊन बसलेल्या मायचा फोटो.

मी ती प्रत घेऊन तशीच सरांच्या घरी गेले. त्यांना म्हटलं, “सर, मी लेखी देते. हे सगळं माझ्यामुळे झालंय. मला हे तोंडी परीक्षेआधी थांबवायचं आहे.”

सर त्या दिवशी घरी धोतर-बंडीत बसले होते. कोटाशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. ते म्हणाले, “त्या पोराची चार वर्षं गेली आहेत यात. घरी बहीण लग्नाची आहे. एका कॉलेजात जागा निघते आहे. तुम्ही लेखी दिलंत तर तुमचं काही बिघडणार नाही, माझंही फारसं नाही. मी पुढल्या वर्षी निवृत्त होतो. बुडेल तो एकटा.” मग ते म्हणाले, “आणि बाई, त्याने दगडांचं काम मात्र खरं केलंय. साठ-सत्तर गावं पायी हिंडला. ते तुमच्या-माझ्यापैकी कोणी केलं?”

हे खरं होतं. मी प्रबंध पुन्हा वाचला. ग्रीसची प्रकरणं शुद्ध धूळ होती. पण गावांची प्रकरणं वाचताना मी हसायचं विसरले. कुठल्या गावात दगडाला काय म्हणतात, कोणत्या भावाने कधी सरकवला, विधवेच्या वाट्याचा धुरा गावाने कसा गिळला, हे सगळं त्याने माणसांच्या तोंडून जसंच्या तसं उतरवून आणलं होतं. सामाजिक इतिहास म्हणजे काय, हे त्या पेपरात इतकी वर्षं शिकून आणि शिकवून मला तिथे पहिल्यांदा दिसलं. मी लेखी दिलं नाही. बरोबर केलं की चूक, अजून सांगता येत नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक नामांकित विद्वान आले होते. ग्रीसच्या प्रकरणांवर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनाही ते पुस्तक आठवत होतं. मुलाला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, बहिणीचं लग्न झालं. मी लग्नाला जाऊन आले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत अभ्यासक्रम बदलला. नोकरीला उपयोगी पडेल असं इंग्रजी शिकवायचं ठरलं, आणि तिनाचा पेपर गेला. मोठे मालक, मालकीणबाई, शेगडीवाला, आमचा धुऱ्यावरचा, सगळे एका ठरावात गेले. बैठकीत मी होते. मी जराशी बोलले, सामाजिक इतिहास तरी ठेवा म्हणून. अध्यक्ष म्हणाले, “नोंद घेतली,” आणि चहा आला.

त्या जूनमध्ये पहिल्या तासाला मी फळ्यावर रजेच्या अर्जाचा नमुना लिहिला. मुलांनी तो उतरवून घेतला. कोणी काही विचारलं नाही.